हात कुठे निघाला होता

ईश्वरी हणबर जेवताना आईला मारते, हे इचलकरंजीतल्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पोर नऊ वर्षांची, अंगाने काडी, पण घास घेऊन आई पुढ्यात बसली रे बसली की तिचा उजवा हात असा काही सुटायचा की विचारू नका. कधी आईच्या गालावर, कधी नाकावर. एकदा तर थेट तोंडावर बसला आणि कोमलचा वरचा ओठ फुटला. त्याची बारीक खूण अजून आहे. कुणी विचारलंच तर कोमल हसून सांगायची, "लेकीनं घातलेला दागिना हाय."

शेजारच्या बायका मात्र हसायच्या नाहीत. जी आई मरमर राबून भरवते तिच्याच अंगावर हात टाकते, काय म्हणावं या पोरीला, असं त्या दारात उभ्या राहून बोलायच्या. ईश्वरीला ते ऐकू यायचं आणि कळायचंही. बोलता येत नसलं म्हणून काय झालं, डोक्याने पोर तल्लख होती. घरात कुणी थट्टा केली की सगळ्यांच्या आधी खिदळायची. आणि असलं काही कानावर पडलं की मान भिंतीकडे वळवायची.

हे सगळं ऋजुता मगदूम कितीतरी वर्षं बघत होती. ऋजुता म्हणजे तिथल्या आरोग्य केंद्रातली मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट. एवढा लांबलचक शब्द कोण बोलत बसणार, म्हणून गल्लीने तिचं नाव ठेवलं होतं 'हाताच्या मॅडम'. नाव काही चुकीचं नव्हतं. डॉक्टर आजार बघतात. ऋजुता बघायची की पोराला सदऱ्याचं बटण लावता येतं का, भांग पाडता येतो का, पेन्सिल धरता येते का, आणि मुख्य म्हणजे आपल्या हाताने जेवता येतं का. निम्मा आठवडा केंद्रात, निम्मा आठवडा स्कूटरवरून घरोघरी. पाठीला पिशवी, पिशवीत चेंडू, मणी आणि घरून आणलेला डबा. तो डबा बहुतेक वेळा न उघडताच परत जायचा.

ईश्वरीला जन्मल्या जन्मल्या जबर कावीळ झाली होती. ती मेंदूत चढली आणि आत खोलवरचा एक छोटासा भाग जायबंदी करून गेली. त्यामुळे हातपाय होते, जोर होता, पण ताबा नव्हता. एक बोट हलवायला जावं तर खांदा उडायचा, मान वळायची, तोंड वाकडं व्हायचं. ऋजुताने तिच्यासाठी जेवणापुरते दोन उपाय सांगितले होते, आणि दोन्ही तिच्या मते अगदी पक्के होते. एक म्हणजे, भरवताना त्या उजव्या हातावर मऊ पंचा टाकायचा आणि त्याचं टोक कोमलने आपल्या मांडीखाली दाबून बसायचं, म्हणजे कुणाला लागायला नको. आणि दुसरं, कोमलने आपलं ताट समोर ठेवायचं नाही. घास तोंडाशी आला तरी पोरीची नजर आपली आईच्या ताटावर! लक्ष उडतं, तेव्हा ताट हलवा, असं ऋजुताने बजावलं होतं.

कोमलने दोन्ही गोष्टी निमूट ऐकल्या. ती घराला लागूनच असलेल्या कापडाच्या कारखान्यात कामाला होती. आताशा माग आपले आपण चालतात, कापडातली खोट कॅमेरा हुडकतो, पण तुटलेला धागा जोडायला अजून माणसाची बोटंच लागतात, आणि कोमलची बोटं त्यात पटाईत. दुपारच्या सुट्टीत ती धावत घरी यायची, सकाळपासून पोरीजवळ बसलेल्या शेजारच्या काकूंना मोकळं करायची, गरम भात-आमटी कालवून लेकीला भरवायची. भरवताना लेकीबरोबर स्वतःही "आऽ" करून तोंड उघडायची, जसं सगळ्या आया करतात. तिचं स्वतःचं ताट मात्र ओट्यावर झाकून पडलेलं. भोंगा व्हायच्या आत त्यातले थंडगार चार घास उभ्याउभ्या कोंबायचे नि पळायचं. "माझं काय, मी नंतर," हे तिचं ठरलेलं वाक्य.

नवरा मालट्रकवर. आज सुरतेला, उद्या भिवंडीला. त्यामुळे कोमलला एकाच गोष्टीने ग्रासलेलं होतं आणि ती ते ऋजुताला दर भेटीत बोलून दाखवायची.

"मॅडम, हिनं चालावं, लिहावं असं माझं काय म्हणणं न्हाई. पण आपल्या हातानं चार घास खायला शिकू दे. माझ्या माघारी हिला कोण भरवंल वो?"

या प्रश्नावर ऋजुता इतकी वर्षं नुसते हाताचे व्यायाम वाढवून देत होती. मग बाही आली.

बाही म्हणजे अक्षरशः बाही. खांद्यापासून बोटांपर्यंत चढणारी, करड्या रंगाची, हाताला अगदी हलकी. पुण्याच्या एका संशोधन संस्थेने ती बनवली होती, आणि ती घेऊन केंद्रात आला डॉ. इर्शाद मुजावर, मूळचा मिरजेचा, पस्तिशीचा, बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा. ऋजुताला असली माणसं आवडतात. तिने दोन कप चहा मागवला आणि म्हणाली, "मला शाळेतल्या पोरीला सांगता तसं सांगा."

"बघा मॅडम, 'हात उचल' असा हुकूम मेंदूतून निघतो. तो पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींपर्यंत येतो आणि त्या पेशी स्नायूला विजेचे बारीक ठोके देतात. प्रत्येक पेशीचा ठोका निराळा. कातडीवर पुरेसे बारीक तंतू टेकवले तर एकेक पेशी वेगळी ऐकता येते. या बाहीत तसे हजारो तंतू विणलेत."

"बरं. पण ईश्वरीचं काय?"

"तिचा हुकूम चोख निघतो. बिघडलीय ती मधली गाळणी. हात उचलताना बाकीच्या स्नायूंना 'तुम्ही गप्प बसा' असं सांगणारा मेंदूचा भाग काविळीने गेला. त्यामुळे एका हुकमामागोमाग नको असलेले शंभर उठतात. बाही ते सगळे ऐकते. हेतूचे कोणते नि गोंधळाचे कोणते ते निवडते. आणि तिच्यात काही धागे वीज मिळाली की आकसणारे आहेत, ते गोंधळाला बरोबर तितक्याच जोराने उलटं ओढतात. गोंधळ फिटतो, हेतू तेवढा उरतो."

ऋजुता चहा प्यायची विसरली. "पण हेतू कुठला नि गोंधळ कुठला, हे त्या कापडाला कसं कळणार?"

"ते तुम्ही सांगायचं. याला आम्ही म्हणतो ध्येयबिंदू. हाताने कुठं पोचायचं ती जागा. तिकडं नेणारे ठोके ते हेतूचे, बाकीचे गोंधळाचे. ते बाही फेकून देते."

पहिल्या दिवशी ध्येयबिंदू ठेवला लाल चेंडूवर. ईश्वरीला खुर्चीत बसवलं, बाही चढवली. इर्शादच्या पडद्यावर रेषांचं जंजाळ उमटलं, शेकडो तांबड्या आणि त्यांच्यात मधूनच दिसणारी एखादी पांढरी. "तांबड्या फेकायच्या, पांढरी ठेवायची," तो म्हणाला आणि बाही चालू केली.

ईश्वरीचा हात उठला. उडाला नाही, झटकला गेला नाही, सावकाश उठला. हवेतून सरळ गेला आणि पाचही बोटं चेंडूवर टेकली. कोमलच्या तोंडून "आई गंऽ" एवढंच निघालं. ईश्वरी स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, मग आईकडे, मग परत हाताकडे, आणि इतकी हसली की लाळ गळून फ्रॉक भिजला. ऋजुता पडद्याकडे बघत राहिली. किती वर्षं तिने हा हात हातात धरला होता, चोळला होता, वाकवला होता, आणि त्याच्या आत ही एक सरळ पांढरी रेघ सगळा वेळ होती. कुणाला दिसलीच नव्हती.

आता जेवण. इर्शादच्या कार्यक्रमात चमचा होता. ऋजुताने तो बाद केला. "आमच्याकडे चमच्याने औषध घेतात सर, जेवत नाहीत. हाताने घास." मग ध्येयबिंदूच्या चौकटीत तिने लिहिलं: 'स्वतःचं तोंड.' क्षणभर थांबलीसुद्धा नाही. थांबायचं कारणच काय होतं?

अट साधी होती. सहा आठवडे बाही ईश्वरीकडे. त्यानंतरच्या तपासणीत तिच्या हाताने घास तिच्या तोंडात गेला, तर बाही तिची, मोठी होईल तशी बदलूनही मिळणार. नाही गेला, तर बाही रांगेतल्या पुढच्या मुलाला. रांग लांब होती आणि त्यातली निम्मी पोरं ऋजुताच्याच ओळखीची होती.

आणि इथेच गाडं अडलं. चेंडू, पेला, कंगवा, दाराची कडी, काय सांगाल तिथे ईश्वरीचा हात जायचा. चक्क एकदा तिने ऋजुताच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला आणि खिदळली. पण ताट पुढ्यात आलं की सगळं मुसळ केरात. घास मुठीत यायचा, हात वर उठायचा, आणि अर्ध्या वाटेत थरथरत अडकायचा. बाही एकीकडे ओढतेय, हात दुसरीकडे. आमटी कोपरापर्यंत ओघळायची. केंद्रात करून बघितलं, घरी करून बघितलं. केंद्रात तर आईमुळे लक्ष उडायला नको म्हणून ऋजुताने कोमलला पार भिंतीकडेच्या बाकावर बसवलं. काही फरक नाही. एक दिवस कोमलला सुट्टी मिळाली नाही म्हणून शेजारच्या काकू पोरीला घेऊन आल्या, त्या दिवशी तर हात ताटातून उठलाच नाही.

"भूक न्हाई काय गं तुला?" कोमल रडकुंडीला येऊन विचारायची. आणि तिने स्वतः घास पुढे केला की ईश्वरी गपकन खायची. म्हणजे भूक होती, तोंड उघडत होतं. घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं, ते काही केल्या कळेना.

तपासणी चार दिवसांवर आली तसं इर्शादने फोनवर सांगितलं, "मॅडम, बाहीत 'पूर्ण मदत' म्हणून एक सोय आहे. अगदीच लुळ्या हातांसाठी. त्यात बाहीच हात उचलते, बाहीच तोंडाशी नेते. नियमात त्याला मनाई नाही. बघा तुम्ही."

ऋजुताला ते मनापासून पटलं नाही. तिने कोमलला सांगितलं मात्र.

"मग लावा की तेच!" कोमल जवळजवळ ओरडलीच. "हिनं नेला काय आन् बाहीनं नेला काय, घास पोटात गेल्याशी मतलब!"

खोटं काय होतं त्यात? दुपारची वेळ, शेजारी माग खडखडत होते. ताट वाढलं. ऋजुताने सोबत आणलेला बाहीचा पडदा शेजारी उभा केला आणि कळ फिरवली. ईश्वरीचा हात ताटात गेला, घास उचलला, वर आला, वळला आणि ओठांसमोर येऊन थांबला. अगदी बिनचूक. कोमलने दोन्ही हात तोंडावर दाबले.

ईश्वरीने ओठ घट्ट मिटून घेतले.

"खा की बाळा! खा माझी राणी!"

ओठ उघडले नाहीत. घास ओठांवर दाबला जात होता आणि पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ऋजुताने पडद्याकडे बघितलं आणि ती थिजली. पांढरी रेघ नावाला नव्हती. सगळ्या तांबड्या. पण गोंधळाच्या रेषा जशा चारी दिशांना फुटतात तशा या नव्हत्या. झाडून साऱ्या एकाच बाजूला ताठ झालेल्या. तो गोंधळ नव्हता. पोर आपल्या अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्या बाहीशी झुंजत होती.

ऋजुताने झटकन बाही बंद केली. हात खाली पडला.

"बंद का केलं?" कोमल उसळली. "जात होता की तोंडात! अजून एकदोनदा केलं असतं तर खाल्ला असता तिनं!"

"कोमल, तिला नकोय ते. ती लढत होती गं."

"तिला काय कळतंय! तुमाला काय मॅडम, तुमी सांजच्याला आपल्या घरी जाता. मी मेल्यावर हिच्या तोंडात कोण घालणार हाय? तुमी येणार हाय काय?"

ऋजुताने ईश्वरीच्या ओठांवरचा भात पुसला. ईश्वरीने मान भिंतीकडे वळवली होती. भोंगा झाला. कोमलने डोळे पुसले, ओट्यावरचं झाकलेलं ताट तसंच ठेवलं आणि ती उपाशीच कामावर गेली. ऋजुता पायऱ्या उतरली तेव्हा तिचं डोकं नुसतं भणभणत होतं. एकच गोष्ट आत टोचत होती. गोंधळ एका दिशेला कसा काय जाईल?

तपासणीच्या दिवशी सकाळी इर्शाद पुण्याहून आला, तो केंद्राच्या दारात उभा राहायच्या आत ऋजुताने त्याला गाठलं. "सर, बाही जे फेकून देते ते कुठं जातं?"

"जात कुठं नाही, साठलेलं असतं. पण ते कुणी बघत नाही. कचराच तो."

"मला तो कचरा बघायचाय."

इर्शादने खांदे उडवले, पण खुर्ची ओढून बसला. सहा आठवड्यांच्या सगळ्या जेवणांतले फेकलेले ठोके त्याने एकत्र काढले आणि संगणकाला सांगितलं, यातला प्रत्येक झटका हाताला कुठे घेऊन गेला असता ती रेषा पुढे काढ. आधी घरच्या जेवणांचं चित्र आलं. पडद्यावर ईश्वरीची छोटी आकृती आणि तिच्यापासून निघालेल्या तांबड्या रेषा. एक, दहा, शंभर, हजार. आणि त्या हजार रेषा खोलीतल्या एकाच ठिकाणी जाऊन मिळाल्या. तिच्या समोर, हातभर अंतरावर, हवेत.

इर्शाद बोलायचा थांबला. हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आता केंद्रातली काढा," ऋजुता म्हणाली.

केंद्रातल्या रेषा समोर गेल्याच नाहीत. त्या डावीकडे वळल्या, लांब, भिंतीकडे. "तिथं काय आहे?" इर्शादने विचारलं. ऋजुताने वळून बघितलं. भिंतीकडेचा बाक. कोमलला तिनेच बसवलं होतं तिथे.

"आणि हा एक दिवस बघा," इर्शाद पुटपुटला. "या दिवशी कुठंच मिळत नाहीत. भिरभिरतायत नुसत्या. आणि शेवटी सगळ्या दाराकडे."

तो काकूंचा दिवस होता. आई आलीच नव्हती त्या दिवशी. पोर जेवणभर दाराकडे आईला शोधत होती, आणि नुसत्या डोळ्यांनी नव्हे, हाताने.

"उंची किती आहे त्या घरच्या बिंदूची?" ऋजुताने विचारलं, पण उत्तर तिला आधीच कळलं होतं. इर्शादने आकडा काढला, स्वतःच्या खुर्चीतून उठला, फरशीवर मांडी घालून बसला आणि हाताने उंची मोजली. हात त्याच्या ओठांवर आला.

ऋजुताच्या डोळ्यांपुढे कोमलचा ओठ आला. बारीक खूण असलेला. लेकीचा दागिना. मारत नव्हती ती! एवढी वर्षं, रोज दुपारी, एक मूल आपल्या बेताल हाताशी झगडून आईच्या तोंडापर्यंत पोचायला बघत होतं. आईने एक घास दिला की तिला एक द्यायचा होता. तिचा नेम हुकायचा, जोर आवरायचा नाही, गालावर बसायचा, नाकावर बसायचा. एकदाच बरोबर ओठांवर पोचला आणि ओठ फुटला. मग त्या हातावर पंचा आला. आईचं ताट नजरेसमोरून उचललं गेलं. आणि शेवटी जगातलं सगळ्यात हुशार कापड तिच्या हातावर चढवून आपण त्याला सांगितलं की ही पोर जे मागतेय ना, तेवढंच नेमकं फेकून दे.

ऋजुता रडली. लपवून वगैरे काही नाही, सरळ रडली. वाईट तर वाटत होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं होतं. माणसाच्या आत एखादी इच्छा इतकी वर्षं, इतकी सरळ, एका बोटाचीही साथ नसताना टिकून राहू शकते! ती इच्छा तिने आत्ता प्रत्यक्ष बघितली होती, हजार तांबड्या रेषांची.

"ध्येयबिंदू काढून टाका," ती नाक पुसत म्हणाली.

"मग बाहीला कळणार कसं?"

"तुम्हीच सांगा ना. तुमचं यंत्र एवढं हुशार आहे. जिथं रेषा मिळतील ते तिचं ध्येय. ते तिला ठरवू दे."

इर्शादने डोकं खाजवलं, मग त्याचे डोळे चमकले. "हात उठायच्या आधी ठोके निघतातच. तेवढ्या अवधीत रेषा कुठं मिळतायत ते बघायचं आणि तोच बिंदू धरायचा. दर घासाला नवा. होईल, मॅडम. मला जेवणाच्या वेळेपर्यंत द्या." आणि तो अख्खी सकाळ संगणकाला नाक लावून बसला.

दुपारी दोघं हणबरांच्या घरी गेले. कोमलने दार उघडलं, पण नजर दिली नाही. परवाचं भांडण अजून तिच्या चेहऱ्यावर होतं. "बसा," एवढंच म्हणाली आणि भात-आमटी कालवायला लागली. पंचा तिने सवयीने खांद्यावर टाकलाच होता. ऋजुताने तो उचलला, घडी केली आणि आपल्या पिशवीत ठेवून दिला.

"आणि तुझं ताट कुठाय?"

"ते ऱ्हाऊ दे, मी नंतर..."

"नंतर नाही. आत्ता वाढ. गरम. आणि इथं, तिच्यासमोर घेऊन बस."

"तुमीच म्हणला हुता ताट समोर नगं म्हणून!"

"म्हटलं होतं. चुकले. बस तू."

का ते ऋजुताने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोमलने आपणहून तोंड पुढे केलं असतं, आणि मग पोरीच्या हाताने काय केलं ते कधीच कळलं नसतं. कोमल कुरकुरत बसली. दोघींची ताटं समोरासमोर, दोन्हींतून वाफ निघतेय. ईश्वरीने आईच्या ताटाकडे बघितलं. मग आईकडे. ऋजुताने बाही चालू केली.

ईश्वरीचा हात पुढे आला. स्वतःच्या ताटात गेलाच नाही. तो आईच्या ताटात गेला. पाच बोटांनी भात गोळा केला, सांडला, परत गोळा केला. आणि हात उठला.

पडद्यावर पांढऱ्या रेषा उमटत होत्या, एकामागून एक, नुसत्या पांढऱ्या. तांबडी औषधाला नव्हती. पण पडद्याकडे बघतंय कोण! इर्शादचीही नजर त्या हातावर होती.

हात आपल्याकडे येतोय म्हटल्यावर कोमलने सवयीने डोळे गच्च मिटले, मान आत ओढली. इतक्या वर्षांचा मार तिच्या अंगाला पाठ होता. हात आला, आला, आणि कोमलच्या ओठांपाशी थांबला. त्या जुन्या खुणेला उष्ण भात टेकला. कोमलने डोळे उघडले.

समोर तिची लेक होती, घास धरून. आणि तिने स्वतःचं तोंड उघडलं होतं. भरवणाऱ्या सगळ्या आया उघडतात तसं, "आऽ" करून.

कोमलचं तोंड आपोआप उघडलं. घास आत गेला. थोडा हनुवटीवर सांडला, थोडा मांडीवर. कोमल दगडासारखी बसून राहिली. चावेना, गिळेना, नुसती लेकीकडे बघत राहिली.

ईश्वरीचा हात मागे फिरला. आता तो तिच्या स्वतःच्या ताटात गेला. घास घेतला आणि वळला. पहिला घास गालाला लागला. ती थांबली नाही. दुसरा हनुवटीला. तिसरा तोंडात गेला. तिने तो चावला, गिळला, आणि हात परत आईच्या ताटाकडे निघाला. आधी आईचा, मग आपला. घरातला नियम तिने जन्मापासून पाहिलेला होता, फक्त माणसं उलटी केली होती. तिला आपल्या हाताने जेवायचंच नव्हतं असं थोडंच होतं? आईच्या आधी जेवायचं नव्हतं, एवढंच.

"मॅडम," इर्शाद म्हणाला, "तपासणी झाली. बाही हिची." आणि तो उगाचच खिडकीकडे जाऊन उभा राहिला.

ऋजुता कोमलजवळ सरकली. "कोमल," ती हळूच म्हणाली, "तुला ती कधी मारत नव्हती गं. भरवत होती तुला. पहिल्या दिवसापासून."

कोमलने मान हलवली. कळलं, अशी. तोंडात तो घास अजून तसाच होता, गिळला की संपेल म्हणून जणू. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने हात वर नेऊन ओठावरची खूण चाचपली, मग अगदी सावकाश घास गिळला. लेकीचा पुढचा घास तोवर तिच्या तोंडाशी येऊन थांबलाच होता.

शेजारी कारखान्याचा भोंगा झाला. कोमल उठली नाही. ती ऋजुताकडे वळली आणि लहान मुलासारखी नवलाने म्हणाली,

"मॅडम, गरम हाय वो."